गणिती मॉडेलिंगचा प्रकल्प वर्गात कसा घ्यावा: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बी.एस्सी.च्या किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांचे मॉडेलिंगचे, म्हणजे खरा प्रश्न गणितात मांडून त्याचे उत्तर काढण्याचे, प्रकल्प तपासायला घेतले की बहुतेकांचा साचा एकच दिसतो. पहिल्या पानावर न्यूटनचा शीतकरणाचा नियम किंवा लोकसंख्यावाढीचे समीकरण असते. पुढे त्याची पुस्तकातली सोडवणूक, मग इंटरनेटवरून उचललेले आकडे आणि शेवटी एक रंगीत आलेख. प्रश्न नेमका कोणाला पडला होता आणि उत्तर खरे निघाले का, याचा पत्ता नसतो. त्याच सत्रात कधीतरी ‘व्यावसायिक कौशल्ये’ या नावाने बाहेरच्या वक्त्याचे व्याख्यान होते, हजेरी लागते आणि तो विषयही तिथेच संपतो.

या दोन्ही गोष्टी बिघडतात त्या क्रम चुकल्यामुळे. समीकरण आधी येते आणि प्रश्न त्याला मागून चिकटवला जातो. पत्र लिहिणे, काम वाटून घेणे, इतिवृत्त ठेवणे, परक्या माणसाला समजावून सांगणे ही कौशल्ये ज्या कामात लागतात त्या कामापासून तोडून शिकवली जातात. खालचा क्रम बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागातल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांसाठी लिहिला आहे. आठवड्याला दोन तास आणि एकूण आठ आठवडे धरले आहेत. वेळ कमी असेल तर विषय लहान घ्या, पण पायऱ्यांची अदलाबदल करू नका.

## आधीची तयारी

विषयांची यादी शिक्षकानेच करावी. ‘तुमच्या आवडीचा विषय घ्या’ असे सांगितले की मुले साथीच्या रोगाचे किंवा शेअर बाजाराचे मॉडेल घेऊन येतात, कारण त्याचे तयार प्रकल्प नेटवर मिळतात. विषय असा हवा की मोजमाप मुलांना स्वतः करता येईल, तेही चालत किंवा एका बसने पोहोचता येईल अशा ठिकाणी. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर लागणारी वाहनांची रांग चालेल. नळाला रोज पाणी येत नसेल अशा घराला किती लिटरची टाकी पुरेल, हाही उत्तम विषय आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) हाताळण्याजोगे थंड व्हायला किती वेळ लागतो, खानापूरकडच्या घराच्या छपरावरून पावसाळ्यात किती पाणी साठवता येईल, साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाच्या ट्रॉल्या किती वेळ थांबतात, हे सगळे चांगले विषय आहेत.

हंगाम पाहून विषय ठेवा. उसाचे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चच्या आसपास आटोपते. एप्रिलमध्ये ट्रॉल्या मोजायला निघालेल्या गटाला रिकामे आवार दिसेल. पावसाचा विषय डिसेंबरच्या सत्रात दिलात तर मुले जुने आकडे शोधत बसतील आणि मोजण्याचा भाग गळून पडेल.

गट चारांचे करा आणि ते तुम्ही पाडा. मुलांवर सोडले तर मित्रमित्र एकत्र येतात आणि गट भाषेप्रमाणेही पडतात. आपल्याकडे ते टाळण्याला व्यवहाराचे कारण आहे. सरकारी कार्यालयात द्यायचे पत्र कन्नडमध्ये लागते, वाडीवरच्या शेतकऱ्याशी बोलणे मराठीत होते आणि अहवाल इंग्रजीत द्यायचा असतो. तिन्ही बाजू सांभाळणारी मुले एका गटात असली तर काम अडत नाही. गटातली चर्चा कुठल्या भाषेत व्हावी याचा नियम करू नका. मुले ज्या भाषेत विचार करतात त्या भाषेत भांडू द्या.

> तपासा: प्रत्येक विषयासाठी तुम्ही स्वतः कागदाच्या एका बाजूवर साधे मॉडेल मांडून पाहिले आहे का? तुम्हाला अर्ध्या तासात सुचले नाही तर मुलांना आठ आठवड्यांत सुचणे अवघड आहे. तो विषय यादीतून काढा.

## पायरी १: बाटलीचा तास

प्रकल्प वाटण्याआधी एक तास सगळ्या वर्गाने मिळून एकच मॉडेल बनवावे. त्याला खर्च जवळजवळ नाही. कोल्ड्रिंकची दोन लिटरची, सरळ बाजूंची बाटली घ्या. तळाच्या फुगीर भागाच्या वर तीन-चार मिलिमीटरचे गोल छिद्र पाडा. छिद्राच्या मध्यापासून वर सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी चिकटवा. बाटलीत पाणी भरा, छिद्रावर बोट ठेवा आणि वर्गाला विचारा: वरचे अर्धे पाणी जायला जितका वेळ लागेल तितकाच खालच्या अर्ध्याला लागेल का?

प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचे. हात वर करायला लावू नका, कारण मग सगळे पहिल्या बाकाकडे बघून हात वर करतात. बरेच जण ‘तितकाच’ लिहितील. काही जण ‘जास्त’ लिहितील, पण किती जास्त हे सांगणार नाहीत. आता बोट काढा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळा नोंदवा.

टोरिचेलीच्या नियमाप्रमाणे पाणी बाहेर पडण्याचा वेग छिद्रावरच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे उंचीचे वर्गमूळ वेळेबरोबर सारख्या दराने उतरते. म्हणून पाणी १६ सेंटिमीटरवरून ९ वर, ९ वरून ४ वर आणि ४ वरून १ वर यायला सारखाच वेळ लागला पाहिजे. वर्गमुळे आहेत ४, ३, २, १. हे फळ्यावर आधी लिहून ठेवा आणि मग स्टॉपवॉचचे आकडे शेजारी मांडा. बाटलीचा सरळ भाग कमी पडत असेल तर ९, ४, १ वर भागवा. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: एकूण वेळेपैकी वरच्या अर्ध्याला सुमारे २९ टक्के आणि खालच्या अर्ध्याला सुमारे ७१ टक्के वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ अडीचपट.

आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. शेवटचा टप्पा बहुधा लांबेल, कारण छिद्राजवळ आल्यावर धार तुटते आणि पाणी थेंबाथेंबाने पडू लागते. तिथेच थांबा आणि वर्गाला विचारा की मॉडेल कुठपर्यंत विश्वासाचे आहे. या तासातला हा सर्वात मोलाचा प्रश्न आहे.

> सावधान: उंची बाटलीच्या तळापासून मोजली तर सगळे गणित चुकते, ती छिद्राच्या मध्यापासूनच मोजायची. बूच लावलेले राहिले तर धार अडखळत येते. कंबर असलेली किंवा वळ्या असलेली बाटली घेऊ नका.

## पायरी २: प्रश्न अरुंद करणे

‘रेल्वे गेटवरील वाहतूक कोंडीचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘गेट सहा मिनिटे बंद राहिले तर उघडल्यावर रांग संपायला किती मिनिटे लागतील?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर एक आकडा आहे, त्याला एकक आहे आणि ते घड्याळ लावून तपासता येते. प्रत्येक गटाला पहिल्या आठवड्यात हीच कसोटी लावा: उत्तराचे एकक काय? एकक सांगता आले नाही तर प्रश्न परत पाठवा. दोन-तीनदा परत जाईल, जाऊ द्या.

याच आठवड्यात दुसरी विचारणा करा: हे उत्तर कोणाला हवे आहे? वाहतूक पोलिसाला, रिक्षावाल्याला की शाळेची बस चालवणाऱ्याला? माणूस ठरला की अहवाल कोणासाठी लिहायचा हेही ठरते.

इथूनच गटाची वही सुरू होते. प्रत्येक बैठकीनंतर पाच ओळींचे इतिवृत्त: कोण होते, काय ठरले, कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि कशावर मतभेद राहिला. शेवटची ओळ कधीच कोरी सोडू देऊ नका. इतिवृत्त लिहिणारा दर आठवड्याला बदला, नाहीतर ते काम गटातल्या एकाच मुलीच्या गळ्यात पडते आणि शेवटपर्यंत तिथेच राहते.

## पायरी ३: गृहीतके आणि आधीचा अंदाज

समीकरणाला अजून हात लावायचा नाही. आधी गृहीतके लिहायची आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी: हे का मानले, आणि हे खोटे ठरले तर उत्तर वाढेल की कमी होईल.

रेल्वे गेटच्या गटाची यादी साधारण अशी निघते. वाहने सारख्या दराने येतात. गेट उघडल्यावर सारख्या दराने सुटतात. कोणी कंटाळून मागे वळत नाही. दुचाकी आणि ट्रॅक्टर एकच मानले आहेत. चौथ्या ओळीवर वर्गात हमखास वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. मुलांना सांगा, रांगेत एक मोटार उभी असते तेवढ्या जागेत किती दुचाकी मावतात ते जाऊन बघा आणि त्यावरून वजन, म्हणजे एक दुचाकी किती मोटारींइतकी धरायची, ते ठरवा. हे वजन आयते सांगू नका.

मग अंदाज. मोजायला जाण्याआधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तराचा आकडा लिहून, तारीख घालून, सही करून वहीत चिकटवायचा. नंतर खाडाखोड नाही. पुढे प्रत्यक्ष आकडा वेगळा आला की मुले गृहीतकांकडे आपणहून परत येतात. अंदाज लिहिलेला नसेल तर ‘मला हेच वाटत होते’ म्हणून प्रत्येक जण सुटतो.

> तपासा: यादीत किमान एक गृहीतक असे आहे का, जे खोटे आहे हे गटाला माहीत आहे पण सोयीसाठी मानले आहे? नसेल तर यादी वरवरची झाली आहे.

## पायरी ४: परवानगी आणि मोजणी

कारखाना, फाउंड्री, पाणीपुरवठा कार्यालय, कुठेही जायचे तर आधी पत्र. पत्राचा मसुदा मुलांनी लिहायचा आणि तुम्ही तो तपासायचा. पहिल्या मसुद्यात बहुधा अर्धे पान ‘आपल्या नामांकित संस्थेबद्दल’ असते आणि नेमके काय हवे ते शेवटच्या ओळीत दडलेले असते. ते उलटे करायला लावा. पहिल्याच वाक्यात यावे: कोण, कुठल्या तारखेला, किती वेळ, काय मोजणार. दुसऱ्यात: काय मोजणार नाही, फोटो काढणार की नाही, आकडे कुठे वापरणार. तिसऱ्यात: निष्कर्षाची प्रत कधी देणार. मालक ‘या’ म्हणतो ते या तीन वाक्यांवर. फाउंड्रीत तर तापमापक, बूट, सुरक्षित अंतर हे सगळे त्यांच्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे चालायचे, हेही पत्रात लिहा.

मोजणीचा कागद आधी घरी बनवायचा आणि दहा मिनिटे कॉलेजच्या फाटकावर वापरून बघायचा. रकाने कमी पडतात, वेळ कुठे लिहायची ते कळत नाही, एक जण मोजतो आणि दुसरा लिहितो तेव्हा गडबड होते, हे सगळे तिथेच उघडे पडते. गेटवर दोघांनी एकमेकांचे न बघता तीच वाहने मोजावीत. दोन आकड्यांतला फरक अहवालात द्यायचाच आहे.

> सावधान: रुळाजवळ किंवा गेटच्या आत उभे राहायचे नाही. पदपथावरून किंवा दुकानाच्या पायरीवरून, दुकानदाराला विचारून मोजावे. वाहनांचे नंबर आणि माणसांचे चेहरे टिपायचे नाहीत. राहून गेलेला आकडा अंदाजाने भरायचा नाही. तिथे आडवी रेघ मारायची. कोऱ्या जागेला गुण कापले जाणार नाहीत, भरलेल्या खोट्या आकड्याला प्रकल्प परत जाईल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

## पायरी ५: मॉडेल मांडणे

आता समीकरण. आणि ते जितके साधे तितके बरे. रांगेसाठी एवढे पुरते:

रांग संपायचा वेळ = (येण्याचा दर × गेट बंद राहिलेला वेळ) ÷ (सुटण्याचा दर − येण्याचा दर)

समजा सकाळी एका बाजूने मिनिटाला १२ वाहने येतात, गेट ६ मिनिटे बंद आहे आणि उघडल्यावर मिनिटाला ३६ सुटतात. गेट उघडताना रांगेत ७२ वाहने आहेत. मिनिटाला ३६ जातात, पण १२ नवी येऊन मिळतात, म्हणजे रांग २४ ने घटते. तीन मिनिटांत साफ.

आता संध्याकाळची वेळ घ्या, मिनिटाला २४ वाहने. गेट उघडताना रांग १४४ आणि घट मिनिटाला फक्त १२. साफ व्हायला बारा मिनिटे. वाहने दुप्पट झाली, वेळ चौपट. हे फळ्यावर तुम्ही करून दाखवू नका. गटाला करू द्या आणि त्यांचे चेहरे बघा. मग पुढचा प्रश्न: बारा मिनिटे पुरी व्हायच्या आत दुसरी रेल्वेगाडी आली तर?

अजून एक गोष्ट प्रत्यक्ष उभे राहिल्यावरच कळते. गेट बंद असताना दुचाकी पुढे घुसून रस्त्याची पूर्ण रुंदी अडवतात, दोन्ही बाजूंनी. गेट उघडले की समोरासमोर येतात आणि सुटण्याचा दर पडतो. तो ३६ वरून २४ वर आला तर सकाळची तीन मिनिटे सहा होतात. म्हणजे रांगेची शिस्त हा मॉडेलमधला एक आकडा झाला. आणि वाहतूक पोलिसाला सांगण्याजोगे काही हाती लागले.

एकके. निम्म्या चुका इथे होतात. आपल्याकडे वर्तमानपत्रात धरणाचा साठा टीएमसीमध्ये आणि विसर्ग क्युसेकमध्ये छापून येतो. मुले दोन्ही आकडे सरळ वजा करून मोकळी होतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, पाण्याचे आकारमान. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तो दर आहे. दिवसाला ८६,४०० सेकंद धरले तर साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी जाते. राकसकोप किंवा हिडकल जलाशयावर काम करणाऱ्या गटाला हे रूपांतर आधी हाताने करायला लावा. छपरावरच्या पावसाच्या गटासाठी त्याहून सोपे आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी.

> तपासा: समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एकके जुळतात का? येण्याचा दर शून्य केला तर उत्तर शून्य येते का? येण्याचा दर सुटण्याच्या दराजवळ नेला तर उत्तर भरमसाट वाढते का, आणि ते पटते का?

## पायरी ६: पडताळणी

इथे बहुतेक प्रकल्प कोसळतात, कारण मुले एक्सेलमध्ये आकडे टाकतात, ट्रेंडलाइन (बिंदूंना जुळवून एक्सेल काढते ती रेषा) लावतात आणि तिच्या समीकरणाचा घात वाढवत नेतात. सहाव्या घाताची वक्ररेषा सगळ्या बिंदूंच्या जवळून जाते, खाली जुळणीचा आकडा ०.९९ (१ म्हणजे पूर्ण जुळणी) दिसतो आणि गट खूष होतो. तीच रेषा पुढच्या दहा मिनिटांसाठी वापरली तर वाहनांची संख्या ऋण येऊ शकते. ट्रेंडलाइन या पायरीपर्यंत बंदच ठेवा.

त्याऐवजी असे करा. तीन दिवस मोजले असतील तर दोन दिवसांच्या आकड्यांवर मॉडेल बसवा आणि तिसऱ्या दिवसाचा कागद पाकिटात घालून तुमच्याकडे ठेवा. गटाने आधी उत्तर लिहून द्यायचे, मग पाकीट उघडायचे. फरक किती आला आणि कुठल्या गृहीतकामुळे आला असावा, यावर एक परिच्छेद. तो परिच्छेद मी सर्वात आधी वाचतो आणि गटाने काम केले की नाही ते त्यातच कळते.

दुसरी कसोटी: प्रत्येक आकडा दहा टक्क्यांनी वाढवून बघा. सकाळी येण्याचा दर दहा टक्क्यांनी वाढला तर तीन मिनिटांची साधारण साडेतीन होतात. संध्याकाळी तेवढ्याच वाढीने बाराची साडेसोळा होतात. म्हणजे संध्याकाळची मोजणी जास्त काळजीने करायला हवी होती. हे उमगलेला गट पुन्हा मोजायला जातो म्हणाला तर त्याला मुदत वाढवून द्या.

## पायरी ७: अहवाल आणि तोंडी मांडणी

अहवाल दोन लागतात. एक नेहमीचा, इंग्रजीत, दहा पानांच्या आत. दुसरा एका पानाचा, ज्याला उत्तर हवे होते त्या माणसासाठी, मराठीत किंवा कन्नडमध्ये, समीकरण न वापरता. त्यात पहिल्या ओळीत उत्तर, मग ते कधी लागू पडते आणि कधी नाही, मग काय करता येईल. एक पान लिहायला दहा पानांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून त्यासाठी अख्खा आठवडा ठेवा. ते पान दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला वाचायला द्यायचे आणि त्याने न समजलेल्या जागी खूण करायची.

तोंडी मांडणीत कोण काय बोलणार हे आधी ठरवू देऊ नका. चिठ्ठी काढून नाव घ्या. ज्याने मोजणी केली त्याला समीकरण विचारा, जिने समीकरण मांडले तिला मोजणीचा कागद समजावायला सांगा. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचे ते विद्यार्थ्याने ठरवावे. इंग्रजीत अडखळणाऱ्या, पण गृहीतक नेमके सांगणाऱ्या मुलाचे गुण भाषेमुळे जाऊ नयेत.

स्लाइडवर समीकरणांची भिंत दिसली की थांबवा. प्रत्येक आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकक लिहिलेले हवे, नाहीतर तो आलेख दाखवायचा नाही.

## गुण कसे द्यावेत

पन्नासपैकी गृहीतके आणि अंदाज १२, मॉडेल आणि एकके ८, पडताळणी १२, दोन्ही अहवाल मिळून १०, गटाची वही आणि तोंडी ८. गणिताला आठच का, असे सहकारी विचारतील. गणिताची परीक्षा आपण बाकीच्या सगळ्या पेपरांत घेतोच. हे गुण पहिल्या दिवशी छापून द्या आणि मध्येच बदलू नका.

गटाला एकच गुण देणे सोपे, पण त्यात काम न करणारा तरतो. वहीतली इतिवृत्ते आणि तोंडीतली उत्तरे पाहून दोन-तीन गुण वरखाली करा आणि कारण त्या विद्यार्थ्याला समोर बसवून सांगा.

सत्र संपल्यावर मोजणीचे मूळ कागद, मॉडेल आणि पाकिटातला निकाल विभागात जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या गटाला नवा विषय न देता यातलाच एक अहवाल द्या आणि सांगा: यातले एक गृहीतक काढून टाका आणि उत्तर किती बदलते ते मोजून दाखवा.